लावलेला हांडा

३ मार्च १९८६, सोमवार

ही डायरी आज फुकट मिळाली. वर्षाचे दोन महिने उलटल्यावर डायऱ्या वाटणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले. कव्हरवर लातूरच्या तेलगिरणीचा रंगीत फोटो आणि प्रत्येक पानाच्या तळाला छापलंय, 'नवदख्खन ऑइल मिल्स : आपुलकीचा थेंब न् थेंब.' बेंबळीच्या बाजारातून आमच्या भागाची करडई वीस वर्षं हीच कंपनी उचलते. आता तिनं आमचं गाव दत्तक घेतलंय. गाव काय पोरकं होतं का, असं मी सभेत विचारणार होते, पण शेजारच्या सरुबाईनं मांडीला चिमटा काढला.

पुढं खुर्च्यांवर कंपनीचे लोक आणि सोसायटीचे चेअरमन सिद्रामप्पा. सतरंजीवर गाव. सतरंजी संपते तिथून आमची वस्ती, मातीवर. सिद्रामप्पा म्हणाले, "आमच्या गावात भेदभाव म्हून न्हाय." मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढंच करता आलं.

वस्तीत सातवी पास झालेली बाई मी एकटी, म्हणून डायरी मला. इथं कुणी वाचणार नाही, तर नवऱ्याचं नावही लिहून टाकते. मच्छिंद्र. घ्या, आभाळ काही कोसळलं नाही.

७ मार्च

कंपनीनं घरटी एक स्टीलचा हांडा दिला. एकशे चाळीस उंबरे, एकशे चाळीस हांडे. गळ्याखाली कंपनीचं नाव ठोकलेलं. सगळे एका मापाचे, एका चकाकीचे. सरुबाईनं वाजवून पाहिला, मग डोक्यावर ठेवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. गावातल्या बायकासुद्धा तांब्या-पितळेची जड भांडी टाकून हाच हांडा घेऊन निघाल्या. हलका आहे, त्यात खोटं नाही.

आत्याबाईंनी मात्र त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पुतळाबाई. त्यांचा तांब्याचा हांडा कोपऱ्यात पालथा असतो, पोटाला हा एवढा पोचा. मी बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तसाच आहे. पाणी भरत नाहीत, मोडीतही घालू देत नाहीत. एकदा विचारलं, पोचा कशानं पडला? म्हणाल्या, "पडला."

पाण्याच्या रांगेलाही त्या कधी येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. सरपणाला दोन कोस जाताना दुखत नाहीत. सगळं पाणी माझ्या डोक्यावर.

१२ मार्च

बोअर लागला! शाळेपुढं, दोनशे दहा फुटांवर. मशीनच्या तोंडातून आधी पांढरी धूळ, मग चिखल, मग पाणी. माणसं मशीनवाल्याला कडेवर घ्यायला निघाली होती. मी पण ओरडले. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

पण घरी येऊन डोकं थंड झाल्यावर विचार आला, की पाणी लागलं खरं, पण कुणाला?

सध्याची रीत लिहून ठेवते. टँकर आठवड्यातून दोनदा येतो आणि चावडीजवळच्या हौदात पाणी सोडतो. बायका आदल्या दिवशीच हांडे रांगेत लावून जातात. हांडा म्हणजेच बाई. ती शेतात असो, बाळंत असो, तिचा नंबर हांडा धरतो. लावलेला हांडा कुणी हलवायचा नाही, हा गावाचा कायदा. दुष्काळात चोऱ्या झाल्या, भावाभावांत डोकी फुटली, पण रांगेतला हांडा कुणी हलवला नाही, असं सिद्रामप्पा प्रत्येक भाषणात छाती फुगवून सांगतात. मात्र रांगा दोन. गावाची हौदापासून, आमची लिंबाच्या पलीकडून. गावाची संपल्याशिवाय आमची सुरू होत नाही, आणि सुरू झाली तरी हौदाला आम्ही हात लावायचा नाही. त्यांच्यातली कुणीतरी वरून ओतणार, आम्ही खाली हांडा धरणार. निम्मं पाणी मातीत. ओतणारी कंटाळली की आमचा नंबर संपला.

मला एकच पाहिजे. बोअरवर हापसा बसला की त्याच्या दांड्याला माझा हात, माझ्या नंबरावर, रोज. दुसरं काही मागत नाही.

२० मार्च

कंपनीच्या चारुशीलाबाई आल्या होत्या. पुण्याच्या आहेत, समाजकल्याणाचं काम बघतात. खादीची साडी, उन्हानं नाक सोललेलं. वस्तीतल्या पोरांसाठी मी भरवते त्या बालवाडीत जमिनीवर बसल्या, पोरांनी त्यांच्या पर्समधल्या सगळ्या वस्तू बाहेर काढल्या तरी रागावल्या नाहीत. मला आवडल्या.

म्हणाल्या, "केशरताई, बारा एप्रिलला उद्घाटन. पहिलं पाणी तुमच्या हातानं काढायचं. वस्तीतली स्त्री हापसा चालवतेय, असा फोटो आम्हाला अहवालात हवाय."

मी विचारलं, "आणि दुसरं पाणी?"

त्या हसल्या. "दुसरं कुणीही काढेल की. पाणी सगळ्यांचं आहे."

शिवाय बालवाडी आता कंपनी चालवणार, पक्की खोली बांधणार आणि ताई म्हणून मलाच नेमणार. आज मला झोप लागायची नाही. आनंदानं की भीतीनं, ते ठरवता येत नाही.

२३ मार्च

सिद्रामप्पांनी सोसायटीत बोलावलं. खताच्या पोत्यांपाशी मी उभी, ते गादीवर. आवाज अगदी गोड.

"केशरबाई, तुमचं नाव म्याच सुचवलं बरं का. फोटोपुरता दांड्याला हात लावा. मंग आमच्या बायका हापसतील अन् तुमच्या बायकांस्नी वाढतील. कुणाला काय कमी पडायचं न्हाय."

मी म्हटलं, "अप्पा, मग हापसा आणि हौद यांत फरक काय?"

"फरक कसा न्हाय? हौदाचं पानी गढूळ असतंय. आन् बालवाडीचा कागद माज्या सहीनं जायचाय, तेवढं ध्यानात ठिवा."

मी काही बोलले नाही. मान हलवली की नाही तेसुद्धा आठवत नाही, आणि तेच मनाला लागून राहिलंय. माझ्यासारखी तोंडाळ बाई आणि ऐन वेळी तोंडात गूळ!

घरी मच्छिंद्र म्हणाला, "नोकरी घे की. हापसा काय पळून चाललाय का?" त्याचंही खरं आहे. रोजगार हमीच्या तलावावर दगड उचलून त्याच्या बोटांची सालं निघालीत. पण मी चिडलेच. आत्याबाईंना विचारलं, तर चुलीकडं बघत म्हणाल्या, "जाऊ दे पोरी. हांडा भरला म्हंजे झालं."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली बसून सासू म्हणते जाऊ दे! ज्या पिढीनं छप्पन साली दीक्षा घेतली ती हीच का, असा प्रश्न पडतो मला.

११ एप्रिल

हापसा बसला. दांड्याला साखळी आणि कुलूप, उद्या उघडणार. चारुशीलाबाईंना फोटोत सगळ्या गावाचे हांडे चकाकते हवेत, म्हणून आजच घरोघरचे हांडे शाळेच्या व्हरांड्यात जमा करून घेतले. सकाळी बघते तर कोतवाल लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन बसलेला. गावाच्या प्रत्येक हांड्याच्या बुडापाशी एक लाल ठिपका. घरांची यादी बघून एकशे बारा ठिपके मोजून लावले. आमचे अठ्ठावीस कोरे.

मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "चोरी हुऊ नये म्हून. अप्पांचा हुकूम हाय."

चोरी कोण करणार ते बरोबर ओळखून ठेवलंय म्हणायचं. वस्तीत येऊन सांगितलं. सरुबाई रडायला लागली, मच्छिंद्रनं खाली मान घातली. आत्याबाई तर ऐकून न ऐकल्यासारखं करून भर दुपारी कुठंतरी निघून गेल्या. चांगल्या दोन-अडीच तासांनी आल्या. बोटं लाल, पदर लाल. विचारलं तर म्हणाल्या, "पान खाल्लं." तोंडात चार दात आणि पानाचा शौक! वस्तीवर एवढं संकट आणि यांना विडे सुचतात.

त्यात संध्याकाळी दिवा लावायला गेले तर रॉकेलची बाटली कोरडी. महिन्याचं रॉकेल होतं. मच्छिंद्रनंच कुणाला तरी उसनं दिलं असणार. शपथा घेतोय, पण मी ओळखून आहे त्याला. अंधारात भाकरी थापल्या, दोन करपल्या.

१२ एप्रिल, शनिवार

सावकाश लिहिते, नाहीतर काहीतरी राहून जाईल.

दहा वाजता पाहुणे आले. जीपमधून उतरल्या उतरल्या चारुशीलाबाईंनी त्यांच्या माणसांना सांगितलं, सगळे हांडे हापशापासून एका रांगेत लावा, फोटोत छान दिसतील. सिद्रामप्पा हार हातात घेऊन पाहुण्यांमागं फिरत होते. त्यांच्या लक्षात येईपर्यंत कंपनीच्या चार पोरांनी हाताला येईल तसे एकशे चाळीस हांडे शाळेपासून चावडीपर्यंत मांडून टाकले. एकच रांग.

अप्पांनी कोतवालाला खूण केली. कोतवाल वाकून एकेक बूड बघत गेला आणि तसाच तोंड पांढरं करून परत आला. एकाही हांड्यावर ठिपका नव्हता! रंगच हलका आणला असणार त्यानं. सरकारी माणूस, पैसे खाल्ले असतील. देव देतो तेव्हा असा देतो, असं म्हणतात. आमचा देवावर विश्वास नाही, तरी म्हणते.

मग नारळ, भाषणं. मी दांडा धरला. थंडगार लोखंड. पहिल्या दहा-बारा दणक्यांना नुसती हवा, मग पाणी आलं. फोटोवाल्यानं फोटो घेतले, टाळ्या पडल्या. अप्पा हसत हसत म्हणाले, "बास आता केशरबाई, दमला असाल."

मी म्हटलं, "न्हाय दमले."

पहिला हांडा भरला. मी विचारलं, "कुणाचा हा?" कुणी बोलेना. कसं बोलणार? कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी अप्पांची सून शारदा पुढं आली. "माझा असंल बाई," म्हणाली आणि उचलून चालू लागली. दुसरा भरला, तो सरुबाईनं उचलला. तिसरा कुणी नेला ते मी बघितलंही नाही.

पाहुणे जेवायला गेले तसे अप्पा गरजले, "थांबवा! हांडे काढा, येगळे लावा!"

आणि तेव्हा आमच्यातल्या नव्हे, गावातल्या बायका ओरडल्या. "लावल्याला हांडा हलवायचा न्हाय, अप्पा!" प्रत्येकीला भीती, की हलवलेला हांडा आपलाच निघाला तर नंबर गेला. हापसा होणार म्हणून पंधरा दिवस टँकर बंद होता. पाण्यापुढं सोवळं कुणाला आठवतंय? माझे हात भरून आले तेव्हा शारदानं दुसरीकडून दांडा धरला. एकशे चाळिसावा हांडा भरला तेव्हा उन्हं कलली होती.

घरी आले. आत्याबाई दारातच होत्या. "भरला?" एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं तर ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातला पालथा हांडा उगीच पुसत बसल्या.

१३ एप्रिल

एका दिवसाची दिवाळी. सकाळी दवंडी झाली. उद्यापासून रांगा दोन, आणि प्रत्येकानं घरचा जुना हांडा आणायचा, कंपनीचा नाही. "हांडा कुणाचा हाय ते वळखू आलं पायजे." गावात घरोघरी तांबं-पितळ आहे. आमच्याकडचं बहात्तरच्या दुष्काळात मोडीत गेलं. वस्तीत स्टीलशिवाय आहे काय? म्हणजे आता स्टील दिसलं की वस्ती समजायचं, ठिपक्याची गरजच नाही. हुशार आहेत अप्पा.

चारुशीलाबाईंना निघताना गाठलं. सगळं सांगितलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "केशरताई, आम्ही पाणी दिलं. गावाच्या रीतीत कंपनी कशी पडणार?" मग अगदी हळू म्हणाल्या, बालवाडीसाठी चेअरमननी दुसरं नाव कळवलंय.

वाईट वाटलं का? लई वाटलं. ती पक्की खोली मी मनात सारवूनसुद्धा टाकली होती. पण एक सांगते, मान हलवली की नाही, हा घोर काल दांडा ओढताना गेला. आता उद्या काय व्हायचं ते होऊ दे. स्टीलचा तर स्टीलचा, माझा हांडा त्यांच्याच रांगेत लागणार. मच्छिंद्रला तसं सांगितलं. तो म्हणाला, "म्या येतो संगट." एवढं बोलला तरी खूप झालं.

१४ एप्रिल, जयंती

पहाटे उठले तर आत्याबाई अंथरुणात नाहीत. कोपऱ्यातला हांडाही नाही.

मी आणि मच्छिंद्र पळतच शाळेपुढं गेलो. नुकतं फटफटलं होतं. हापशाच्या तोंडाखाली, गावाच्या रांगेत पहिल्या नंबराला तो पोचा पडलेला तांब्याचा हांडा, चिंचेनं घासून लाल केलेला. शेजारी आत्याबाई मांडी घालून बसलेल्या. गावातल्या बायका येत होत्या आणि बघून थबकत होत्या. म्हाताऱ्या बायका तर हांडा बघून एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना तो ओळखू आला होता, मला दिसलं ते.

सिद्रामप्पा आले. मागं आठ-दहा माणसं.

"पुतळाबाई, काढा ह्यो हांडा हितनं."

आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "लावल्याला हांडा हलवत न्हाईत अप्पा. गावचा कायदा हाय."

"तो कायदा ह्या रांगंला. तुमची रांग तिकडं."

"तसं आसंल तर तुमीच काढा. बहात्तर साली काढला हुता की. घरात धाकला ल्योक जळत हुता तापानं, त्याला पानी पायजे म्हून म्या चुकून तुमच्या रांगंत लावला. हातानं शिवायचं न्हवतं, म्हून तुमी पायानं उडवला. ह्यो पोचा तवाचा." त्यांनी हांड्यावरून हात फिरवला. "तुमीच सांगत फिरता, गावानं कवा हांडा हलवला न्हाय म्हून. चौदा वर्सं ऐकतीया म्या."

मच्छिंद्र माझ्याजवळ उभा होता. त्याला एक धाकटा भाऊ होता, दुष्काळात गेला, एवढंच मला माहीत होतं.

आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. अप्पांच्या छातीला लागतील एवढ्याच आहेत त्या. म्हणाल्या, "आज पायानं न्हाय. हातानं काढ. वाक, सिद्राम."

अप्पा म्हटलं नाही. या गावात त्यांना कुणी असं हाक मारलेलं मी ऐकलं नव्हतं.

ते हांड्याकडं बघत राहिले. वाकले नाहीत. पाय उचलायची तर छातीच नव्हती, सगळा गाव बघत होता. मागून शारदाचा आवाज आला, "मामंजी, ऊन चढंल. त्यांचा भरू द्या की, दुसरा नंबर माझा हाय." आणि तिनं आपली पितळी घागर त्या हांड्याला चिकटून ठेवली. तिच्यामागं सरुबाईनं स्टीलचा ठेवला.

आत्याबाई मला म्हणाल्या, "केशर, हापस."

मी हापसलं. एवढ्या जोरानं, की दांडा माझ्या हनुवटीला लागला. अजून दुखतंय, पण दुखू दे. पोच्यापाशी पाणी जरा अडतं आणि मग वर चढतं. काठोकाठ भरल्यावर आत्याबाईंनी तो स्वतः उचलला, डोक्यावर घेतला आणि निळ्या पताकांखालून वस्तीत आल्या. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

छप्पनच्या पिढीबद्दल मी मागं या डायरीत काहीतरी लिहिलंय. ते पान फाडणार होते. राहू दे, माझी अक्कल किती होती ते दिसू दे.

२९ एप्रिल

पंधरा दिवस झाले, रांग एकच आहे. आठवड्याला एखादं भांडण होतं, कुणीतरी माझ्यानंतर दांडा राखेनं घासते. घासा म्हणावं, लोखंडच आहे, झिजलं तर दुसरं मागू. बालवाडी मी लिंबाखाली भरवते. पोरं पूर्वीइतकीच येतात, वर गावातली तीन जास्त.

आज कंपनीचं पाकीट आलं. फोटो पाठवलाय. माझा दंड, अर्धा चेहरा आणि हापशावरची कंपनीची पाटी मात्र पूर्ण. चारुशीलाबाईंनी लिहिलंय, अहवालासाठी आभाराच्या चार ओळी पाठवा. एकच पाठवली. 'हांडे सगळे एकसारखे दिलेत, त्याबद्दल आभार. हे शहाणपण मुद्दाम केलंत की चुकून, ते कळवावे.'

रॉकेलचं कोडं मात्र सुटलं नाही. मच्छिंद्र अजून शपथा घेतो आणि आत्याबाई तोंडाला पदर लावून हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे देव जाणे.

दुपारी तांबट आला होता, बेंबळीच्या बाजाराला निघालेला. अंगणात आत्याबाईंचा हांडा बघून थांबला. म्हणाला, "आजी, चांगलं जुनं तांबं हाय. पोचा काढून देतो, नव्यावानी दिसंल."

आत्याबाईंनी हांडा त्याच्यापुढून उचलून कडेवर घेतला.

"नगं बाबा. कुणाचा हाय ते वळखू आलं पायजे."